बंगळूरची पावडर, सोलापूरचं पाणी: कॉफी बिघडतेय कुठे?

भीमाकाठची

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं बंगळूरला काढून गेल्या दिवाळीत सोलापुरात परत आले. नोकरी तीच, घरून चालते. आईबाबांची वयं झाली म्हणून जुळे सोलापुरात त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर बस्तान मांडलंय. सगळं सामान टेम्पोतून आलं, दोनच वस्तू मांडीवर घेऊन आले: लॅपटॉप आणि कॉफीचा पितळी फिल्टर.

आता रडगाणं. कॉफी जमत नाहीये. पावडर तीच आहे, जयनगरच्या ज्या दुकानातून नऊ वर्षं घेत होते तिथूनच मैत्रीण पाठवते. ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी. फिल्टर तोच, हात माझाच. तरी कपात येतं ते काहीतरी मुकं. कडू नाही, जळकं नाही, वाईटसुद्धा म्हणता येणार नाही. नुसतं गप्प. रंगही मातट. पहिल्या घोटाला जिभेच्या कडांना जे जरासं चुणचुणायचं, ते गायब.

बाहेर प्यावी म्हटलं तर गेल्या तीन महिन्यांत पाच-सहा कॅफे पालथे घातले. एका ठिकाणी कॅपुचिनो मागितली तर वर चॉकलेट सॉसचं कोळ्याचं जाळं काढून आली. दुसरीकडे मेन्यूत 'फिल्टर कॉफी' दिसली, हरखून विचारलं की डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क) आजचं आहे का. पोरगा म्हणाला, "मॅडम, सगळ्याच कॉफ्या फिल्टर करूनच देतो आम्ही, गाळणी असते." त्याच्या चेहऱ्यावर इतका प्रामाणिकपणा होता की मी तीच मागवली. इन्स्टंट होती.

पण एक कबूल करते. त्या दुसऱ्या ठिकाणी मी सव्वादोन तास बसले, एक मीटिंग उरकली, कोणी 'अजून काही?' म्हणून डोक्यावर येऊन उभं राहिलं नाही. परत गेले, तीनदा. कॉफीसाठी नाही.

तर सांगा, घरची कॉफी कुठे चुकतेय? आणि तुम्ही बाहेर कुठे बसता, काय पिता? 'चहा प्या' हा सल्ला सोडून काहीही चालेल.

कडकभाकरी

चहा प्या.

झालं, सांगून मोकळा झालो. ताई, सोलापुरात एप्रिल-मेला पारा ४३-४४ वर जातो, त्यात ही गरम काळी भानगड कशाला? मी जन्मापासून इथं आहे. 'काय करलालाव?' विचारल्यावर 'कॉफी पिलालोय' असं म्हणणारा माणूस मला आजतागायत भेटला नाही. तरी पायजेच असंल तर पूर्व भागात चौकशी करा. तिकडं तेलुगू मंडळी आहेत, त्यांच्या घरी असतीय कॉफी.

मागावरचा

भाकरीशेठ, तुमचा अंदाज साफ चुकला. मी पूर्व भागातलाच, तीन पिढ्या. आमच्यातले बहुतेक पद्मशाली विणकर तेलंगणातून आलेले, आणि तेलंगणा म्हणजे चहा. कॉफीचे तेलुगू लोक वेगळे, ते किनारपट्टीचे आणि मद्रासच्या बाजूचे. तेलुगू बोलतात म्हणून सगळ्यांच्या घरी फिल्टर असेल असं समजणं म्हणजे मराठी आहे म्हणून सगळ्यांच्या घरी सोलकढी असेल असं समजणं.

आमच्याकडे यंत्रमागाच्या खडखडाटात 'चा' शिवाय दुसरा शब्द ऐकू पण येत नाही. पाळी बदलताना काचेचा अर्धा ग्लास, उभ्याउभ्या. मोठ्या आजीला कॉफी माहीत होती ती एकाच रूपात: ताप आला की.

गुंतकल_पॅसेंजर

कॉफीचं घर शोधायचं तर रेल्वे लाइन्सकडे वळा. म्हणजे वळायला हवं होतं, ३० वर्षांपूर्वी.

माझं बालपण रेल्वे क्वार्टरमधलं. मुंबई-मद्रास मार्गावरचं ठाणं, त्यामुळे बदल्या होऊन येणारे तमिळ, कानडी, तेलुगू सगळे. शेजारचे काका गार्ड होते. पहाटे साडेपाचला त्यांच्या स्वयंपाकघरातून आधी 'खण्' असा एक आवाज यायचा. फिल्टरचं वरचं भांडं खालच्यावर बसल्याचा. आमच्या घरातला गजर तोच.

त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या मामींची, कृती मी इतक्या वेळा पाहिलीय की डोळे मिटून सांगतो. वरच्या भांड्याच्या बुडाला भोकं असतात. त्यात पावडर घालायची, भांडं ओट्यावर एकदा हलकं आपटायचं, मग दांडीची छत्रीसारखी चकती वर ठेवून नुसता भार द्यायचा. चेपायचं नाही. चेपलं की पाणी तुंबतं आणि डिकॉक्शन दुपारपर्यंत उतरत नाही. उकळी बसलेलं पाणी कडेकडेने गोल ओतायचं, झाकण लावायचं आणि निघून जायचं. मामी अंगणात कोलम, म्हणजे त्यांची रांगोळी, काढायला जायच्या. कोलम पुरा झाला की डिकॉक्शन तयार. घड्याळ लावून कधी पाहिलं नाही, पण पंधरा-वीस मिनिटं असावीत. सणाच्या दिवशी कोलम मोठा, त्या दिवशी कॉफीही जास्त कडक.

मग पेला आणि बसकी वाटी. हातभर अंतरावरून ह्यातून त्यात, त्यातून ह्यात. आम्हाला तो खेळ वाटायचा. खरं म्हणजे साखर विरघळते, फेस धरतो आणि जीभ भाजत नाही, तिन्ही कामं एकदम.

फिल्टरची भोकं बुजली की मामी ते भांडं पालथं करून शेगडीवर धरायच्या. अडकलेली पावडर जळून जायची, मग खसाखसा घासायचं. भीमाकाठची, तुम्ही हे करता का? आणि दूध कुठलं वापरता? हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

भीमाकाठची

भोकं दर महिन्याला जाळते, तिथे चूक नाही. दूध गवळ्याचं. म्हशीचं. साय बोटभर येते, बाबांचा त्यावर जीव.

गुंतकल_पॅसेंजर

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. मामी आमच्याच गवळ्याकडून दूध घ्यायच्या, पण कॉफीसाठी पाव लिटर गायीचं वेगळं. आई हसायची, 'एवढं दाट दूध सोडून ही पाणीदार का घेते?' आपल्याकडची पंढरपुरी म्हैस, तलवारीसारखी लांब शिंगं, दूध घट्ट. म्हशीच्या दुधात ७ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, गायीच्या त्याच्या निम्मा. बासुंदीला म्हैसच हवी. कॉफीवर मात्र ती गोधडी पांघरते. बंगळूरला तुम्ही पिशवीतलं टोन्ड वापरत असणार, ते ३ टक्क्यांचं.

शेवंती_६८

माझं वय नावातच आहे. निवृत्त शिक्षिका.

आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळाची. दूध-पाणी उकळत ठेवायचं, साखर, कॉफी, आणि सहाणेवर जायफळाचे दोन वळसे. उपासाच्या दिवशी, पाहुणे रात्री उशिरा आले तर, किंवा परीक्षेच्या दिवसांत. जायफळाने झोप येते आणि कॉफीने उडते, मग आम्ही मुलांना ती नेमकी कशासाठी देत होतो कोण जाणे. मला तर ती पिऊन कायम छान झोप लागली. फिल्टरवाले नाक मुरडतील, मुरडू देत.

पण मला लिहायचंय ते बसण्याबद्दल. माझ्या तरुणपणी हॉटेलात बाईमाणसांसाठी 'फॅमिली रूम' असायची. आत चार टेबलं, अर्ध्या उंचीचे ढकलायचे दरवाजे, बाहेरची पुरुषमंडळी आणि काउंटर दिसू नये अशी व्यवस्था. तिथेसुद्धा एकटी बाई गेली तर वेटर विचारायचा, 'मागून कोणी येतंय का?' यजमान गेल्यावर सात-आठ वर्षं मी बाहेर काही प्यायलेच नाही, कारण कोणाबरोबर जायचं?

दोन वर्षांपूर्वी नातीने एका कॅफेत नेलं आणि तिला फोन आला म्हणून ती बाहेर गेली ती अर्धा तास. मी एकटी. कोणी विचारलं नाही. मागून कोणी येत नव्हतं आणि कोणाला त्याचं काही नव्हतंही. तेव्हापासून दर मंगळवारी अकराला मी जाते. वर्तमानपत्र घेऊन जाते, शब्दकोडं सोडवते. तिथली ती फेसाची कॉफी मला विशेष आवडत नाही. मी तिला मुकाट्याने एक साखर जास्त घालते आणि पिते.

कडकभाकरी

बाई, तुमच्या पोस्टला नमस्कार. मंगळवारी अकराला कुठं ते नका सांगू, इथली सगळी जत्रा तिथं येईल.

कपबशी

मी होटगी रोडवरच्या एका कॅफेत मशिनवर आहे, दोन वर्षं झाली. नाव सांगत नाही, मालक पण इथं वाचत असतील.

आतली गोष्ट सांगते. १० ऑर्डर आल्या तर ७ कोल्ड कॉफी. त्यातल्या ५ मध्ये आइस्क्रीम. उरलेल्या ३ मध्ये एक हॉट चॉकलेट, एक चहा आहे का म्हणून चौकशी, आणि एक कॅपुचिनो. नुसती एस्प्रेसो आठवड्यात दोन-तीनदा, त्यातली एक हमखास परत येते. कारण एकच, 'एवढीशीच?'

चूक गिऱ्हाइकाची नाही. आपल्याकडे 'एक्स्प्रेसो' म्हणजे लग्नातली. मांडवाच्या कडेला ते चकचकीत नळकांडं, फुस्स् करून वाफ, कपभर फेस आणि वर कोकोची भुकटी. ती दुधात घातलेली इन्स्टंट असते, वाफेने फक्त दूध तापवतात. आमच्या मशिनवर १८ ग्रॅम पूड, ९ बार दाब, २५ ते ३० सेकंद, आणि खाली पडतात दोन घोट. लग्नात कपभर फुकट प्यालेल्या माणसाला त्याचं बिल दाखवलं की तो माझ्याकडे असा बघतो की मीच उरलेली प्यायले.

भीमाकाठची, एक विचारू? तुमच्या घरी बोअर आहे का? आमच्या मशिनला पाणी मऊ करायचा फिल्टर बसवलाय, त्याचं काडतूस संपलं की मला कॉफीच्या चवीवरून कळतं. आधी चव बसते, मग वाफेची नळी पांढऱ्या खपल्यांनी बुजायला लागते. मागच्या उन्हाळ्यात काडतूस बदलायला उशीर झाला, तर कारागिराने बॉयलर उघडून आतून चुन्याचे पापुद्रे काढून दाखवले. खडूच्या तुकड्यांसारखे.

संदर्भासहित

उत्तम चर्चा. थोडी पार्श्वभूमी. कॉफी भारतात आली ती सतराव्या शतकात, सूफी संत बाबा बुदन यांनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या अशी परंपरा सांगते. आज देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकात पिकते, म्हणजे आपल्या शेजारच्याच राज्यात. पण ती घाटाच्या सावलीत, पावसात वाढते. आपल्या कोरड्या पठारावर तिचं झुडूपही जगणार नाही, त्यामुळे आपण शेजारी असून पाहुणेच.

बसण्याविषयी म्हणाल तर कॉफी आणि बैठक हे नातं कॅफेवाल्यांनी शोधलेलं नाही. मुंबईत १९३६ साली इंडिया कॉफी हाउस निघालं. पुढे पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने ही कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या, पहिली १९५७ मध्ये बंगळूरला. एका कपावर तासन्‌तास बसणारी गिऱ्हाइकं तेव्हापासूनची. १९९६ मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे सुरू झालं ते इंटरनेट कॅफे म्हणून. म्हणजे लोक तिथेही आधी कॉम्प्युटरपुढे बसायलाच गेले. २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स आलं...

कडकभाकरी

सर, घंटा झाली.

संदर्भासहित

बरं. चिकोरीवर एक टीप द्यायची होती ती देतोच. चिकोरी ही मुळी असते, भाजून दळलेली. तिच्यात कॅफिन अजिबात नसतं. पाणी धरून ठेवते म्हणून डिकॉक्शन सावकाश आणि दाट उतरतं. पाकिटावर प्रमाण छापणं बंधनकारक आहे आणि कायद्याने ती ४९ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. सुपरमार्केटमधलं 'फिल्टर कॉफी' लिहिलेलं पाकीट उलटून पाहा. ५३-४७ दिसलं तर समजा, निम्मी मुळी पिताय.

रसायनवाला

कपबशी यांनी नेमकं बोट ठेवलंय. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन. घरातली खूण सगळ्यांना माहीत आहे: साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेते, बादलीच्या कडेला पांढरा थर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं आहे. म्हणजे ५०० चं पाणी पिऊन माणूस आजारी पडेलच असं नाही. पण कॉफीचे हाल होतात.

का? तुम्ही जी चुणचुण म्हणताय ती कॉफीतल्या आम्लांची. बायकार्बोनेट आम्ल मारतं. जळजळ झाली की आपण खायचा सोडा घेतो ना, तेच तुमच्या फिल्टरमध्ये रोज सकाळी होतंय. कॉफीला बिचारीला ॲसिडिटी नव्हती, तरी तुम्ही औषध देताय.

आता लगेच आरओकडे धावू नका. घरगुती आरओ पाण्यातलं जवळजवळ सगळंच काढून टाकतो. क्षार मोजायच्या मीटरवर ३०-४० दाखवणारं पाणी कॉफीला कामाचं नाही, कारण पूडीतला अर्क ओढायला थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतंच. कॉफीच्या धंद्यातले लोक विरघळलेले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं पाणी चांगलं मानतात.

घरी करता येईल असा प्रयोग सांगतो. चार पाणी घ्या. एक, बोअरचं तसंच. दोन, बोअरचं दहा मिनिटं खळखळून उकळून, रात्रभर निवळू देऊन वरचं ओतून घेतलेलं. उकळल्यावर बायकार्बोनेट फुटतं आणि चुना तळाला बसतो. सगळा नाही बसत, काही कठीणपणा उकळून जात नाही, पण चव मारणारा भाग बराच जातो. तीन, महापालिकेचं नळाचं. चार, नुसतं आरओचं. पावडर मोजून सारखी, आणि आधी दूध न घालता चाखा. दुधाखाली सगळे गुन्हे लपतात.

मागावरचा

महापालिकेचं पाणी म्हणजे उजनी धरणाचं ना? ते येतं कधी, हा प्रयोगाचा पहिला भाग.

रसायनवाला

उजनी, टाकळी, हिप्परगा, तुम्ही कुठे राहता त्यावर अवलंबून. धरणाचं आणि नदीचं पाणी सहसा बोअरपेक्षा मऊ असतं. रोज येत नाही हे मान्य, पण साठवून ठेवलेलं चालेल.

तिसरं_वर्ष_केटी_नाही

पाण्याचं कळलं, पण कॅफेचा विषय राहिला. मी इंजिनिअरिंगला. आमच्या ग्रुपचं सगळं सबमिशन कॅफेत झालंय. हॉस्टेलला रूममध्ये चार जणी, लायब्ररी सहाला बंद, बागेत बसलं की कोणीतरी व्हिडिओ काढतं.

घरी मात्र 'कॅफे' शब्द काढायची चोरी. बाबांच्या डोक्यात कॅफे म्हणजे पडदे लावलेले कप्पे, अंधार आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. तसलेही असतात, आम्हालाही माहीत आहेत आणि आम्ही तिकडून वाकडी वाट करून जातो. शेवटी एकदा बाबांना घेऊनच गेले. मोठ्या काचा, रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं. बाबांनी आत शिरल्या शिरल्या कोपऱ्यात पडदे आहेत का बघितलं, मग एसी बघितला, मग मेन्यू. कोल्ड कॉफीचा आकडा वाचून म्हणाले, "पडदे असते तरी परवडलं असतं." आई इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे वळले.

हिशेबी

बाबा बरोबर बोलले. १५० रुपयांची कोल्ड कॉफी! अर्धा लिटर दूध ३५ रुपये, चमचाभर पावडर ५, साखर, बर्फ. घरी ५० रुपयांत तिघांची होते. उडप्याकडे आजही २५-३० रुपयांत गरम कॉफी मिळते, पेला-वाटीसकट. लोकांना लुटून घ्यायची हौस आहे.

तिसरं_वर्ष_केटी_नाही

काका, उडप्याकडे कॉफी उत्तम, पण पेला खाली ठेवायच्या आत पुढचा माणूस खुर्चीमागे येऊन उभा असतो. त्याचं त्यांचं बरोबरच आहे, त्यांचा धंदा खुर्ची रिकामी होण्यावर. आम्ही चौघी मिळून दोन कॉफ्या घेतो आणि तीन तास बसतो. ३०० भागिले ४ भागिले ३. माणशी ताशी २५ रुपये, एसी आणि चार्जिंगसकट. अभ्यासिकेची फी विचारून बघा.

कपबशी

आणि त्या चौघी गेल्यावर टेबल पुसताना मी मनात काय म्हणते ते लिहीत नाही. मजा करतेय गं, येत जा. दुपारी २ ते ५ नाहीतर आमच्याकडे कुत्रं नसतं, बाहेर रस्ता तापलेला असतो. त्या वेळी भरलेलं टेबल बघून चार माणसं आत येतात.

हिशेबी काका, तुमच्या हिशेबात जागेचं भाडं, विजेचं बिल आणि माझा पगार राहिला. माझा फार नाही, पण धरा.

हिशेबी

धरला. तरी १५० जास्तच. ९० मध्ये बसतं.

भीमाकाठची

उशीर झाला, पण प्रयोग पुरा केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी ओट्यावर चार पेले मांडले, बुडाला चिकटपट्टीवर १ ते ४. आई म्हणाली, श्राद्धाची तयारी का गं. फिल्टर एकच असल्यामुळे एकामागून एक चार डिकॉक्शनं, दोन तास गेले. प्रत्येक वेळी पूड वजनकाट्यावर २० ग्रॅम, पाणी १५० मिली. पेले सगळे एकाच वेळी गरम करून घेतले. परीक्षक बाबा, जन्मभर चहावाले, त्यांना कुठला पेला कुठल्या पाण्याचा ते सांगितलं नाही.

पहिला, बोअर. बाबांनी घोट घेतला, खिडकीबाहेर बघितलं, काही बोलले नाहीत. मी चाखला, तोच मुका. उजेडात धरला तर वर एक फिकट साय-साय तवंग, जो मला इतके दिवस पावडरचा वाटत होता. चौथा, नुसत्या आरओचा, आंबट आणि पातळ, घोट संपल्यावर मागे काही उरत नाही. तिसरा, नळाच्या पाण्याचा. बाबा म्हणाले, "हं." दुसरा, उकळून निवळलेला बोअर. परत "हं". मग त्यांनी २ आणि ३ आलटून पालटून दोनदा घेतले, मिशी पुसली आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. "ही कडू आहे, पण हिला काहीतरी बोलायचंय."

मी नऊ महिन्यांत पहिल्यांदा ती जिभेच्या कडेची चुणचुण ओळखली. ओट्याला टेकून उभी राहिले जरा वेळ.

उकळलेल्या पातेल्याच्या बुडाला जो पांढरा खर बसला होता तो बोटाने खरवडून आईला दाखवला. ती म्हणाली, "हे मला दाखवू नकोस, मी पस्तीस वर्षं डाळ शिजवतेय."

मग दूध. नळाचं पाणी कायम ठेवून एकदा म्हशीचं, एकदा गायीचं टोन्ड. गुंतकल, तुमच्या मामींना माझा दंडवत. गोधडी हाच शब्द. म्हशीच्या दुधाची कॉफी प्यायला छान लागते, पण ती कॉफी घातलेलं दूध लागते.

आता अडचण अशी की आमच्याकडे नळाचं पाणी पिण्यापुरतं जपून ठेवतात, स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या पिंपात. आईला वाटीने मोजून मागावं लागतं. "प्यायच्या पाण्याची कॉफी?" असं म्हणते, जणू कॉफी मी झाडांना घालते. तडजोड झालीय: माझी वेगळी कळशी, ती मी स्वतः भरायची, स्वतः उचलायची. कळशी संपली की निवळलेला बोअर.

त्या फिल्टर-म्हणजे-गाळलेली कॅफेतही जाऊन आले. त्या पोराला घरचं डिकॉक्शन छोट्या बाटलीत नेऊन दिलं, त्यांच्याच दुधात करून प्यायला लावली. बराच वेळ विचार करून म्हणाला, "मॅडम, चांगली आहे. ह्यात आइस्क्रीम टाकलं तर?" टाकलं. खोटं कशाला बोलू, बरी लागली.

शेवंती_६८

मला त्या कळशीतली एक कॉफी पाजशील का? मी जायफळ घेऊन येईन.

गुंतकल_पॅसेंजर

कट्टा करा की मग. मी वाटी-पेल्याचे सहा जोड आणतो, मामी बदली होऊन जाताना आईला देऊन गेल्या होत्या. तेव्हापासून माळ्यावर आहेत.

कडकभाकरी

मी पण येतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी माझ्याकडून. चहा मिळंल का तिथं?

कपबशी

दुपारी ३ ला आमच्याकडे या, रिकामंच असतं. मालकांना विचारलंय, बाहेरचं डिकॉक्शन चालेल म्हणाले, पण माणशी एक काहीतरी मागवायचं. हिशेबी काकांना ९० चं काय आहे ते मी शोधून ठेवते.

हिशेबी

येतो. रविवारी?

मागावरचा

रविवारी आमच्याकडे पाणी सुटतं. शनिवार ठेवा.

भीमाकाठची

शनिवारी आमच्याकडे.

शेवंती_६८

मंगळवारी करा. तीनच्या ऐवजी अकराला. माझी खुर्ची सोडून कुठेही बसा.